पास तुम्हीच केलंत, मग पदवी का अडली?

चार वर्षं, चाळीसेक विषय. प्रत्येक विषयाच्या चाचण्या, प्रकल्प, तोंडी परीक्षा, शेवटचा पेपर. सगळ्यांत पास. गुणपत्रिकेवर विद्यापीठाचा शिक्का आणि परीक्षा विभागाची सही. तरीही पदवी मिळत नाही, कारण या सगळ्याच्या टोकाला आणखी एक परीक्षा बसवलेली असते. ती शिकवणाऱ्यांनी काढलेली नसते, तिचा पेपर त्यांनी पाहिलेलाही नसतो, आणि ती पार केल्याशिवाय पदवीदानाच्या यादीत नाव चढत नाही. कुठे तिला एक्झिट एक्झाम म्हणतात, कुठे प्रावीण्य चाचणी, कुठे नुसता इंग्रजीचा स्कोअर मागतात. अमेरिकेत काही ठिकाणी ती वर्षानुवर्षं चालली आणि बंद पडली. इथिओपियात ती २०२३ साली देशभर सुरू झाली. म्हणजे एकीकडून हद्दपार झालेली कल्पना दुसरीकडे सुधारणा म्हणून रुजू होते आहे.

या परीक्षेवर वैतागलेल्या मुलांना मोठी माणसं ठरलेली उत्तरं देतात. अभ्यास झाला असेल तर घाबरायचं कशाला? आणखी एका पेपरने काय बिघडतं? आमच्या वेळी तर याहून अवघड होतं! माझ्या मते या वैतागात आळसापेक्षा तर्क जास्त आहे, आणि तो चोख आहे. पदवीसाठी बाहेरची सामायिक परीक्षा सक्तीची करणारं विद्यापीठ प्रत्यक्षात असं सांगत असतं की, आम्हीच दिलेल्या चाळीस निकालांवर आमचा विश्वास नाही. ठीक आहे, नसेल. तसं असू शकतं, आणि काही ठिकाणी तो अविश्वास रास्तही असेल. पण मग त्या अविश्वासाची किंमत कुणी मोजायची? ज्याने सैल हाताने गुण वाटले तो प्राध्यापक जागेवर राहतो. ज्यांनी अभ्यासक्रम मंजूर केला ती मंडळं जागेवर राहतात. अडकतो तो चाळीस विषयांची फी भरलेला विद्यार्थी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातलं होस्टोस कम्युनिटी कॉलेज हे याचं सगळ्यात उघडंवाघडं उदाहरण. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचं, म्हणजे क्यूनीचं, हे दोन वर्षांची पदवी देणारं कॉलेज. विद्यार्थ्यांत स्पॅनिश बोलणारे पुष्कळ, आणि शिक्षण दोन्ही भाषांचा आधार घेऊन चालणारं. क्यूनीची एक लेखन चाचणी होती. पन्नास मिनिटांत दिलेल्या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायचा, दोन परीक्षकांनी तो वाचून गुण द्यायचे. कुणाला इंग्रजीच्या कुठल्या वर्गात बसवायचं, कुणाला जादा मदत लागेल, हे ओळखायला अशी चाचणी बरी. मे १९९७ मध्ये, पदवीदान समारंभ काही दिवसांवर आलेला असताना, क्यूनीच्या विश्वस्त मंडळाने ठराव केला की ही चाचणी पास झाल्याशिवाय कम्युनिटी कॉलेजची पदवी द्यायची नाही. होस्टोसचे शंभरावर विद्यार्थी एका झटक्यात टांगणीला लागले. कॉलेजने सांगितलेलं सगळं त्यांनी पूर्ण केलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला, पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने तो फिरवला. पदवीचे निकष ठरवणं हा विद्यापीठाचा अधिकार आहे, असं ठरलं.

कायद्याने तो अधिकार विद्यापीठाचा असेलही. पण त्या ठरावाने नेमकं काय केलं ते पाहा. कोण कुठे कमी पडतंय हे वेळेत कळावं म्हणून उपयोगी पडणारी चाचणी उचलून दारावर नेऊन बसवली, आणि तीही मुलं दाराशी पोचल्यावर. त्यांचं लिखित इंग्रजी खरोखर कच्चं असेल, तर ते पहिल्या सत्रात कळायला हवं होतं, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सत्रात कुणीतरी त्यावर काम करायला हवं होतं. शेवटच्या आठवड्यात कळलेल्या कच्चेपणाचं विद्यार्थी काय करणार? कॉलेज तरी काय करणार? ते फक्त अडवू शकतं.

क्यूनीची हौस तेवढ्यावर फिटली नाही. पुढे तिथे नवी प्रावीण्य परीक्षा आली, तीन तासांची. तिच्यात वाचन होतं, लेखन होतं, तक्ते आणि आलेख पाहून दावे तपासणं होतं. परीक्षा म्हणून ती जुन्या चाचणीपेक्षा बरीच सुज्ञ होती, हे मान्य करायला हवं. २०१० साली विश्वस्त मंडळाने तीही काढून टाकली. फ्लोरिडात १९८२ पासून क्लास्ट नावाची परीक्षा होती. निबंध, भाषा, वाचन आणि गणित असे चार भाग. ते पार केल्याशिवाय दोन वर्षांची पदवीही नाही आणि सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाणंही नाही. ऐंशीच्या दशकात तिची पासाची रेषा टप्प्याटप्प्याने वर सरकवली, नव्वदच्या दशकात चांगले गुण असणाऱ्यांना सवलती दिल्या, आणि २००९ साली ती संपवली. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याच्या सरकारी विद्यापीठांतली वाचन-लेखनाची अशीच परीक्षा सत्तरच्या दशकात सुरू झाली होती, तीही पुढे गेली. या परीक्षांचं आयुष्य साधारण एकाच चालीचं असतं. मुलांना धड लिहिता येत नाही अशी ओरड होते, परीक्षा गाजावाजाने येते, मग सवलती, मग अपवाद, मग एखाद्या बैठकीत शांतपणे ठराव. ती आली तेव्हा अग्रलेख होतात. जाते तेव्हा आतल्या पानावर चार ओळी.

आता थोडं गणित. ते भाषणात येत नाही, म्हणून इथे करू.

कोणतीही परीक्षा माणसाची तयारी बिनचूक मोजत नाही. प्रश्न वेगळे आले असते, झोप नीट झाली असती, दुसरा परीक्षक असता, तर गुण थोडे इकडेतिकडे झाले असते. मोजमापशास्त्रात या हेलकाव्याला प्रमाण त्रुटी म्हणतात, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्था ती स्वतःच काढतात. समजा पासाची रेषा ५० वर आहे आणि प्रमाण त्रुटी ३ गुणांची आहे. ज्या मुलीची खरी तयारी ५२ ची आहे, म्हणजे जिने पासच व्हायला हवं, ती एका बैठकीत नापास होण्याची शक्यता साधारण चारात एक. आता परीक्षेला चार भाग आहेत आणि चारही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं असं धरा. प्रत्येक भागात पास होण्याची शक्यता तब्बल ९० टक्के असलेला मुलगा, भाग एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर, चारही भाग एका दमात पार करण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के. म्हणजे अशा चांगल्या तयारीच्या शंभर मुलांतली चौतीस पहिल्या फेरीत गळतात.

यावर उत्तर ठरलेलं: पुन्हा बसता येतं की! बसता येतं. पण त्याचंही गणित आहे. ज्याची खरी तयारी ४८ ची आहे, म्हणजे ज्याला अडवण्यासाठी ही सगळी उठाठेव, तो प्रत्येक वेळी चारात एक या हिशोबाने पास होऊ शकतो. तीन वेळा बसला तर पास होण्याची शक्यता ५८ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे तो पार होतो आणि ५२ वाली मुलगी पहिल्या फटक्यात अडकून एक सत्र गमावते. परीक्षा जितक्या वेळा देता येते तितकी ती तयारीपेक्षा चिकाटी आणि खिसा मोजू लागते. फी पुन्हा, रजा पुन्हा, नोकरीच्या ठिकाणी 'निकाल बाकी आहे' हे सांगणं पुन्हा.

आणि हे सगळं कशाच्या जागी? चार वर्षांत, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या पद्धतीने घेतलेल्या शेकडो नोंदींच्या जागी. त्या प्रत्येक नोंदीत चूक असेल, पण इतक्या नोंदी एकत्र केल्या की चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. एका सकाळच्या तीन तासांना तो फायदा नसतो. तरी आपण त्या तीन तासांना वस्तुनिष्ठ म्हणतो आणि चार वर्षांना व्यक्तिनिष्ठ. सगळ्यांना एकच पेपर दिला की न्याय झाला, हा समज फार जुना आणि फार चिवट आहे.

पैशाचा हिशोब पाहायचा तर अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या परीक्षेकडे पाहावं. परवान्यासाठी असलेल्या यूएसएमएलई या मालिकेत २००४ पासून एक प्रात्यक्षिक परीक्षा होती: स्टेप टू क्लिनिकल स्किल्स. विद्यार्थ्याने देशातल्या पाचच केंद्रांपैकी एकावर जायचं. अटलांटा, शिकागो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया. तिथे रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित माणसं असत. अशा बारा रुग्णांना प्रत्येकी पंधरा मिनिटांत तपासायचं, मग दहा मिनिटांत टिपण लिहायचं. फी हजार डॉलरच्या वर, विमानाचं तिकीट आणि हॉटेल वेगळं. अमेरिकी कॉलेजांतले जवळपास सगळे विद्यार्थी पहिल्याच वेळी पास होत. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी ही परीक्षा पदवीची अट करून टाकली होती. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन डॉक्टरांनी हिशोब मांडला: सगळ्यांचा खर्च धरला तर दोनदा नापास होणारा एक विद्यार्थी शोधून काढायला दहा लाख डॉलरहून जास्त पडतात. त्यानंतर विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढली, संघटनांनी ठराव केले, काही हललं नाही. मग २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे परीक्षा थांबली, आणि जानेवारी २०२१ मध्ये ती कायमची रद्द झाल्याचं जाहीर झालं.

रुग्णाशी नीट बोलता येणं महत्त्वाचं नाही असं कुणीच म्हणालं नाही. ते कौशल्य कॉलेजांच्या इस्पितळात रोज, खऱ्या रुग्णांसमोर तपासता येतं, एवढंच म्हणणं होतं. जे सांगून पटलं नाही ते साथीने करून दाखवलं.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते टाळून पुढे जाणं बरं नव्हे.

नामांकित कॉलेजच्या मुलाला बाहेरच्या परीक्षेची गरज नसते. कॉलेजचं नावच त्याची शिफारस असतं. आडगावच्या, कुणी नाव न ऐकलेल्या कॉलेजातून आलेल्या हुशार मुलीकडे मात्र दाखवायला काय असतं? तिची गुणपत्रिका कुणी मनावर घेत नाही. सगळ्यांना एकच पेपर असेल तर तिथे ती नावाजलेल्या मुलाला मागे टाकू शकते. शिवाय पदव्या अक्षरशः विकणाऱ्या संस्था जगात सगळीकडे आहेत, हेही खोटं नाही. इथिओपियाने २०२३ साली पदवीची अट म्हणून देशभर एक्झिट एक्झाम घेतली, ५० टक्क्यांची रेषा ठेवली, तर पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त नापास झाले आणि खासगी संस्थांची अवस्था त्यातही वाईट निघाली. परीक्षेने एक खरी गोष्ट उघड केली. ती उघड व्हायलाच हवी होती.

हे मला मान्य आहे. पण याच उदाहरणाकडे जरा थांबून पाहा. एखाद्या संस्थेतले बहुसंख्य विद्यार्थी नापास होत असतील, तर तो निकाल कुणाचा? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या संस्थेला परवानगी सरकारने दिली, फी संस्थेने घेतली, मुलांना दरवर्षी वरच्या वर्गात संस्थेनेच ढकललं. परीक्षेनंतर संस्थेच्या हाती फार तर बदनामी येते, ती चार महिन्यांत विरते. मुलाच्या हाती काहीच येत नाही, आणि गेलेली वर्षं तर गेलीच. संस्थेचा कस पाहायला प्रत्येक विद्यार्थ्याची पदवी ओलीस ठेवावी लागत नाही. नमुना म्हणून निवडलेल्या विद्यार्थ्यांची चाचणी घ्या, उत्तरपत्रिका बाहेरून फेरतपासा, बाहेरचे परीक्षक आणा, आणि निकालाचे परिणाम संस्थेवर होऊ द्या. तिचे प्रवेश थांबवा. फी परत करायला लावा.

आडगावच्या मुलीचं म्हणाल, तर तिच्यासाठी परीक्षा जरूर असावी, पण ऐच्छिक. जिला आपली ताकद दाखवायची आहे ती बसेल. शिडी हवी म्हणून भिंत बांधायची गरज नाही.

ब्राझील आणि कोलंबियाने यात एक मधली वाट काढली. ब्राझीलमध्ये २००४ च्या कायद्याने एनाडे नावाची परीक्षा आली. ठरलेल्या वर्षी ज्यांची पाळी येते त्यांनी तिला बसलंच पाहिजे, नाहीतर पदवीचं प्रमाणपत्र अडतं. पण गुण किती पडले यावर पदवी अवलंबून नसते. गुणांवरून तोलला जातो तो अभ्यासक्रम आणि ती संस्था. कोलंबियात साबेर प्रो या परीक्षेला बसणं २००९ च्या कायद्याने पदवीसाठी बंधनकारक झालं. ही रचना पहिल्या प्रकारापेक्षा कितीतरी न्याय्य आहे. फक्त तिला वेगळी अडचण आहे: ज्या परीक्षेतल्या गुणांचं आपल्याला काही नाही, ती मुलं जीव लावून का देतील? ब्राझीलमध्ये एनाडेच्या आधीच्या परीक्षेत विद्यार्थी संघटनांनी बहिष्कार पुकारले, हजेरी लावून कोऱ्या उत्तरपत्रिका देण्याचे प्रकार झाले. अमेरिकेत २०१२ साली ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की, तुमचे गुण प्राध्यापकांना किंवा नोकरी देणाऱ्यांना दिसू शकतात असं नुसतं सांगितलं तरी विद्यार्थ्यांची कामगिरी लक्षणीय सुधारते. सक्तीवाले इथे टाळी देतात: बघा, धाक हवाच!

मला यातून उलटं दिसतं. धाक घालून मिळणारे गुण आणि धाकाविना मिळणारे गुण इतके वेगळे असतील, तर मग या परीक्षेत 'चार वर्षांत काय शिकलं' याच्या जोडीला 'आज किती जोर लावला' हेही भरपूर मोजलं जातंय. ते मोजायला पदवीला हात लावायची गरज काय?

धाक घातला की पुढचं ओघाने येतंच. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात मांडलेला नियम प्रसिद्ध आहे: एखाद्या आकड्यावर निर्णय जितके जास्त अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्या कामाचं मोजमाप करायला तो आणला त्या कामालाही बिघडवतो. चीनमधल्या कॉलेज इंग्लिश टेस्टची चौथी पातळी, सीईटी-४, १९८७ साली सुरू झाली. सगळ्या विद्यापीठांतलं इंग्रजी एका पट्टीने मोजावं हा हेतू. लवकरच अनेक विद्यापीठांनी तिला पदवीशी जोडलं. मग इंग्रजीचा वर्ग म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याचा वर्ग झाला, पेपरफुटी आणि तोतये परीक्षार्थी यांचा बाजार तयार झाला. शेवटी २००५ साली सुधारणा आली: पास-नापासचं प्रमाणपत्र बंद, नुसतं ७१० पैकी किती याचं गुणपत्रक. पदवी अडवण्याचा रिवाज काही विद्यापीठांत त्यानंतरही टिकलाच. एकदा बसवलेली अट काढणं, ती बसवण्याइतकं सोपं नसतं.

निबंध तपासण्याची गंमत तर वेगळीच. अमेरिकेत २००५ साली सॅट या प्रवेश परीक्षेत निबंध आला, तेव्हा एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी जाहीर झालेले नमुने पाहून दाखवलं की निबंध किती लांब आहे एवढं पाहिलं तरी त्याला किती गुण पडले असतील याचा बऱ्यापैकी अचूक अंदाज येतो. वाचायची गरज नाही! हजारो निबंध मिनिटा-दोन मिनिटांच्या दराने तपासायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार? आणि मुलंही काही खुळी नसतात. त्यांना हे कळतं, ती पाल्हाळ लावायला शिकतात, आणि आपण म्हणतो मुलांचं लेखन सुधारलं.

मग डॉक्टर आणि वकिलांचं काय, असा प्रश्न येतोच. पूल कोसळू नये, रोगी दगावू नये, म्हणून समाजाने परवान्याची परीक्षा घ्यावी, याला माझी ना नाही. पण परवाना आणि पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच राहायला हव्यात. हा माणूस इतकं शिकला, हे शिकवणाऱ्याने सांगायचं. याला हे काम करू द्यावं, हे समाजाने ठरवायचं. परवाना न मिळालेल्या कायद्याच्या पदवीधराला निदान पदवी दाखवून दुसरं काही करता येतं. (परवान्यालाही परीक्षाच लागते असं नाही. विस्कॉन्सिनमध्ये तिथल्या दोन विधी महाविद्यालयांच्या पदवीधरांना बार परीक्षा न देता वकिली करता येते, आणि ही सोय एकोणिसाव्या शतकापासून आहे. तिथली कोर्टं व्यवस्थित चालू आहेत.)

भारतात नेक्स्ट या परीक्षेचं जे घाटत आहे तिथे नेमकी हीच गल्लत दिसते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची देशभर एकच परीक्षा सांगितली आहे. तीच वैद्यकीय व्यवसायाच्या परवान्याचा आधार आणि तीच पदव्युत्तर प्रवेशाचीही. पदवी, परवाना आणि प्रवेश ही तीन कामं वेगवेगळ्या स्वभावाची. परवान्याला 'पुरेसं येतं का' एवढं पाहायचं असतं, प्रवेशाला 'कोण कुणाच्या पुढे' हे लागतं. पहिल्यासाठी काढलेला पेपर दुसऱ्याला बोथट पडतो, दुसऱ्यासाठी काढलेला पहिल्याला जाचक होतो. जुलै २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली. ढकलली हे बरं झालं. त्या अवधीत ही तीन कामं सुटी केली तर आणखी बरं होईल.

आणि अट घालायचीच असेल तर निदान ती कशी घालावी याचा धडा उपलब्ध आहे. फ्लोरिडात शाळा सोडताना द्यायच्या सक्तीच्या परीक्षेविरुद्ध १९७० च्या दशकाच्या अखेरीस खटला झाला, डेब्रा पी. विरुद्ध टर्लिंग्टन. न्यायालयांनी दोन गोष्टी सांगितल्या. मुलांना पुरेशी आधी सूचना हवी. आणि परीक्षेत जे विचारलं ते वर्गात खरोखर शिकवलं होतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे पारडं फिरतं. अट घालणाऱ्याने आधी आपलं घर तपासायचं. कॉलेजांच्या बाबतीत हा साधा निकष कुणी लावताना दिसत नाही. तैवानमध्ये अनेक विद्यापीठांनी पदवीसाठी बाहेरच्या इंग्रजी परीक्षेचा ठरावीक स्कोअर मागायला सुरुवात केली होती. टीका झाली ती याच मुद्द्यावर, की तुम्ही जे शिकवत नाही त्याचा दाखला मुलांनी बाहेरून, स्वतःच्या खर्चाने का आणावा? काही विद्यापीठांनी पुढे ती अट सोडली.

ज्यांना या परीक्षांनी अडवलं त्यांचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत शाळेच्या पातळीवर ते एकदा विचारलं गेलं. कॅलिफोर्नियात २००६ च्या तुकडीपासून बारावीचा दाखला मिळण्यासाठी एक सक्तीची परीक्षा होती. २०१५ साली ती थांबवली, आणि त्याच कायद्यात असंही लिहिलं की बाकी सगळं पूर्ण करूनही केवळ या परीक्षेमुळे ज्यांचा दाखला अडला, त्यांना तो आता द्यावा. जॉर्जियानेही त्याच वर्षी तसंच केलं. २००६ साली अडकलेला मुलगा तोवर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झालेला. नऊ वर्षं तो दाखला नसल्यामुळे त्याला कुठले अर्ज भरता आले नाहीत, याची नोंद कुठल्या खात्याकडे असणार?

निदान या दोन राज्यांनी दाखले तरी दिले. पदवीसाठी अशी परीक्षा आणू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाच्या ठरावात तेवढं एक कलम आधीच घालून घ्यावं: ही परीक्षा उद्या आम्ही मागे घेतली, तर तिच्यामुळे अडलेल्या प्रत्येकाला पदवी मिळेल, पुन्हा बसण्यासाठी भरलेली फी व्याजासह परत मिळेल, आणि हे त्याने अर्ज न करता होईल. कलमाला किती हात वर होतात ते बैठकीतच कळेल.